अंतर तेच, मग वेळ वेगळी कशी?

लंडनचे हीथ्रो ते न्यूयॉर्कचे केनेडी विमानतळ आणि परत, असा प्रवास मी जानेवारीत केला. प्रवासात काहीच अडले नाही. अडले ते परतल्यावर कार्यालयाला द्यायच्या प्रवासाच्या तक्त्यात. त्यातल्या हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ या दोन रकान्यांपायी माझा तक्ता तीनदा परत आला, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

अंतर लगेच निघाले. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश आणि पृथ्वीची ६,३७१ किलोमीटर ही सरासरी त्रिज्या घेतली, की गोलावरचे सर्वांत जवळचे अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर येते.

वेळेच्या रकान्यात मात्र सगळे खोळंबले. जाताना सकाळी १० ला सुटून दुपारी १ ला पोहोचणे आणि येताना संध्याकाळी ६:३० ला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी ६:३० ला पोहोचणे, असे तिकिटावर होते. तपासनिसांनी सरळ वजाबाकी करून तीन तास आणि बारा तास धरले व मी लिहिलेले आठ आणि सात तास खोडून टाकले. तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात, हे तोंडी सांगून त्यांना पटले नाही. दुसऱ्या खेपेला ते पटले, पण अंतर सारखेच असताना जाताना एक तास जास्त का, असा शेरा आला. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा उंचावरचा वेगवान वारा, म्हणजे जेट स्ट्रीम, हिवाळ्यात अधिक जोरात असतो. तो जाताना विमानाला आडवा येतो आणि येताना मागून रेटतो, हे मी लेखी दिले. तिसऱ्या खेपेला कोणीतरी ५,५४० ला ताशी ९०० किलोमीटरने भागून सुमारे सहा तास नऊ मिनिटे काढली होती! वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो, धावपट्टीपर्यंतचे सरकणे आणि चढण-उतरणही त्यातच येते, हे त्या भागाकारात कुठेच नव्हते.

शेवटी मी चारही वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच धरल्या जाणाऱ्या प्रमाण वेळेत, मांडल्या (हिवाळ्यात लंडनचे घड्याळ तिच्याशी जुळते, न्यूयॉर्कचे पाच तास मागे असते): जाताना १०:०० ते १८:००, येताना २३:३० ते ०६:३०. हा चार ओळींचा तक्ता पाहताच मंजुरी मिळाली. तो पहिल्याच दिवशी जोडला असता तर माझे कित्येक दिवस वाचले असते, म्हणून कोणीही तो आधीच जोडावा.

अंतराबद्दल एक सांगायचे राहिले. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असल्याचे धरले तर आकडा दहा-पंधरा किलोमीटरने वाढतो, त्यामुळे हिशेबाची पद्धत शेजारी लिहावी. आकडा सागरी मैलांत मिळाला असेल तर त्याला १.८५२ ने गुणावे. मार्चमध्ये प्रवास असेल तर विशेष जपावे, कारण अमेरिकेतली घड्याळे ब्रिटनच्या आधी पुढे सरकतात आणि मधल्या दोन-तीन आठवड्यांत या दोन शहरांतला फरक पाचऐवजी चार तासांचा असतो.