पदोन्नतीचा तक्ता, नोंद ९: जनरल झांग शेंगमिन यांचे कार्ड

चिनी जनमुक्ती सेनेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या तक्त्यातील राजकीय अधिकाऱ्यांचा भाग या महिन्यात हाती घेतला आणि सर्वांत आधी जनरल झांग शेंगमिन यांचे कार्ड पूर्ण केले. लष्करातील भ्रष्टाचाराच्या तपासाची यंत्रणा २०१७ मध्ये त्यांच्या हाती आली, आणि त्यानंतर तक्त्यावर जितकी नावे खोडावी लागली, त्या सगळ्या रेघा त्यांच्या रकान्याच्या आसपासच्या आहेत.

त्यांचा जन्म १९५८ चा, शान्शी प्रांतातील वूगोंग काउंटीचा. येथेच माझी पहिली दुरुस्ती झाली. चीनमध्ये शेजारी शेजारी असलेल्या दोन प्रांतांच्या नावांत फरक आहे तो केवळ स्वराच्या चढउताराचा, आणि देवनागरीत दोन्ही ‘शान्शी’च होतात. जुन्या तीन कार्डांवर मी चुकीचा प्रांत धरला होता. आता प्रांतापुढे राजधानीचे नाव लिहितो: शिआनचा शान्शी आणि ताइयुआनचा शान्शी. झांग शिआनच्या शान्शीचे आहेत. अशीच अडचण केंद्रीय लष्करी आयोगाचे (सैन्यावर नियंत्रण ठेवणारे सर्वोच्च मंडळ) माजी उपाध्यक्ष ह वेइदोंग यांच्या आडनावाची आहे. ते ‘हे’ असे लिहिले की मराठी वाक्यात सर्वनाम वाटते, म्हणून तक्त्यावर ‘ह’ कायम केले आहे.

झांग १९७८ मध्ये सैन्यात दाखल झाले आणि त्यांच्या सेवेचा मोठा काळ सेकंड आर्टिलरीत, म्हणजे ३१ डिसेंबर २०१५ रोजी ज्याचे नाव रॉकेट फोर्स झाले त्या क्षेपणास्त्र दलात, राजकीय कामात गेला. आपल्यापैकी जे भारतीय सेनेच्या रचनेवरून या तक्त्याकडे येतात, त्यांना ही शिडी अपरिचित वाटेल: रेजिमेंटपासून वरच्या प्रत्येक पातळीवर कमांडरच्या बरोबरीने एक राजकीय कमिसार, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाचे काम पाहणारा अधिकारी, असतो आणि नेमणुका, बढत्या, पक्षशिस्त हे विषय मुख्यतः त्याच्या वाटेने जातात. २०१६ मध्ये झांग आधी केंद्रीय लष्करी आयोगाच्या प्रशिक्षण विभागाचे आणि मग रसद विभागाचे राजकीय कमिसार झाले. हा दुसरा टप्पा मी जाड रेघेने दाखवला आहे, कारण पूर्वीच्या रसद मुख्यालयाचे उपप्रमुख गू जुनशान यांना २०१५ मध्येच लाचखोरीसाठी स्थगित मृत्युदंड झाला होता, आणि तेथून २०१७ च्या सुरुवातीला झांग थेट शिस्त तपासणी आयोगाच्या सचिवपदी आले.

या कार्डावर सर्वाधिक वेळ लागला तो व्यक्तीपेक्षा खुर्चीचा इतिहास लावण्यात. जानेवारी २०१६ पूर्वी ही तपासणी यंत्रणा मुख्य राजकीय विभागाच्या छायेत होती. बढत्या विकण्याच्या आरोपावरून २०१४ मध्ये पक्षातून काढलेले श्यू त्साइहोउ एकेकाळी त्याच विभागाचे संचालक होते. ज्या घरात बढत्या ठरत, त्याच घरातला माणूस बढत्यांची चौकशी करणार, अशी ती रचना होती. २०१६ च्या फेररचनेत चार मुख्य विभाग मोडून लष्करी आयोगाखाली पंधरा कार्यालये झाली आणि शिस्त आयोग त्यांपैकी एक स्वतंत्र कार्यालय बनला. त्याने लष्करी आयोगाच्या विभागांत आणि युद्धक्षेत्र कमांडांत (सैन्याच्या प्रादेशिक कमांड) दहा तपासणी पथके बसवली. पहिले सचिव दू जिनत्साय यांना लष्करी आयोगात जागा नव्हती. ऑक्टोबर २०१७ मध्ये हा आयोग ११ वरून ७ सदस्यांवर आला, नौदल, हवाई दल आणि रॉकेट फोर्स यांचे प्रमुख बाहेर गेले, आणि तरीही शिस्त सचिवाला आत घेतले गेले. मला ही झांग यांच्या कारकिर्दीतील सर्वांत अर्थपूर्ण नोंद वाटते. जनरलचा हुद्दा त्यांना त्यानंतर, नोव्हेंबरमध्ये मिळाला.

छायाचित्रांवरून हुद्दे वाचणाऱ्यांसाठी एक सूचना. २०१७ पासून त्यांच्या खांद्यावर तेच तीन तारे आहेत. लष्करी आयोगाचे उपाध्यक्ष झाल्यावरही चिन्ह बदलत नाही. बदल दिसतो तो नावांच्या क्रमात. २०१७ आणि २०२२ या दोन्ही वेळी आयोगाच्या सात जणांच्या यादीत झांग यांचे नाव सर्वांत शेवटी होते.

२०२२ च्या त्या यादीवर मी आता तारखा घातल्या आहेत. माजी संरक्षणमंत्री ली शांगफू यांची हकालपट्टी जून २०२४ मध्ये जाहीर झाली. त्याच दिवशी वेई फंगहे यांचीही, जे झांग यांच्याच क्षेपणास्त्र दलाचे पूर्वीचे प्रमुख. म्याओ ह्वा नोव्हेंबर २०२४ मध्ये निलंबित झाले. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ह वेइदोंग आणि म्याओ यांच्यासह नऊ जणांना काढल्याचे जाहीर झाले. त्यांत रॉकेट फोर्सचे कमांडर वांग होउबिनही होते, ज्यांना २०२३ मध्ये आधीच्या नेतृत्वाच्या जागी नौदलातून आणले होते. सहा दिवसांनी झांग उपाध्यक्ष झाले, परंतु पॉलिटब्युरोत, म्हणजे पक्षाच्या वरिष्ठ नेत्यांच्या मंडळात, त्यांना घेतले नाही. जानेवारी २०२६ मध्ये आयोगाचे उपाध्यक्ष झांग युशिया (नात्याचा संबंध नाही) आणि ल्यू झेनली यांच्या चौकशीची घोषणा झाली, तेव्हा त्या यादीतील गणवेशधारी असे एकच नाव न खोडलेले राहिले.

जे दल सर्वाधिक पोखरलेले निघाले त्याच दलात घडलेला अधिकारी तपासप्रमुख म्हणून टिकला, यावरून घाईने काही ठरवू नये असे मला वाटते; राजकीय कमिसारांच्या बदल्या दलांच्या सीमा ओलांडून होतात आणि त्या दलातील भ्रष्टाचाराचे वाटेकरी वेगळे असू शकतात. म्हणून पुढच्या महिन्यात त्यांच्या सेकंड आर्टिलरीतील वर्षांच्या समोर त्याच वर्षांचे इतर राजकीय अधिकारी मांडणार आहे. दू जिनत्साय यांचे कार्ड त्यासाठी काढून ठेवले आहे.