सहा महिने कुठून मोजायचे?

माझे हात आखूड आहेत. कंपनीतून आलेल्या रायफलचा स्टॉक, म्हणजे खांद्याला लागणारा लाकडी दस्ता, मला कायम लांब पडायचा. ट्रिगरपर्यंत बोट नेताना मान अवघडायची. म्हणून मापाचा स्टॉक करून घ्यायचं ठरवलं, सोबत बॅरलला, म्हणजे नळीला, रस्ट ब्लूइंग, म्हणजे गंज चढवून पोलादाला काळा रंग आणणं. गनस्मिथनी, म्हणजे बंदुकांचं काम करणाऱ्या कारागिरांनी, मापं घेतली, अक्रोडाच्या लाकडातले रेषे उजेडात धरून दाखवले आणि म्हणाले, "सहा महिने धरा." अर्धे पैसे भरून मी घरी आले.

पाचव्या महिन्यात फोन केला तर काम अजून टेबलावरच आलेलं नव्हतं. सहा महिने हे काम हातात घेतल्यापासूनचे, आणि माझ्या आधी बरीच रांग होती! मला खूप राग आला. रायफल त्यांच्या कपाटात, माझा सराव बंद. मी विचारलं नव्हतं, हे खरं. पण रांग किती आहे हे ज्याला माहीत आहे, त्यानेच ते आधी सांगायला हवं, असं मला आजही वाटतं.

काम सुरू झाल्यावर मी दोनदा जाऊन बसले आणि वेळ कुठे जातो ते पाहिलं. रायफलच्या ॲक्शनला, म्हणजे गोळी भरून उडवणाऱ्या धातूच्या यंत्रणेला, खालून काळा रंग लावायचा, ती लाकडातल्या खोबणीत दाबायची, उचलायची. जिथे काळा ठिपका उमटला तेवढंच लाकूड छिन्नीने खरवडायचं. पुन्हा रंग, पुन्हा दाब. तासाभरात ॲक्शन नखाच्या जाडीएवढीसुद्धा खाली गेली नाही. इथे घाई करून जास्त लाकूड निघालं, तर ॲक्शन सैल बसते आणि निशाणा फिरतो.

ब्लूइंगचंही तसंच. द्रावण लावून पोलादावर मुद्दाम गंज चढू द्यायचा, मग बॅरल उकळत्या पाण्यात सोडायची. तांबडा गंज डोळ्यांसमोर काळा पडतो. वरचा मखमलीसारखा थर बारीक तारेच्या ब्रशने काढायचा आणि परत पहिल्यापासून. असे सहा-आठ फेरे होतात, आणि हवा कोरडी असली तर गंजच धरत नाही. स्टॉकला तेलाचे हात द्यायचे तेही पातळ. खालचा वाळायच्या आत वरचा दिला तर लाकूड चिकटच राहतं.

मधेच मी म्हटलं, गालाखालची कड वर-खाली करता येईल अशी करून द्या. तोवर स्टॉकचा आकार जवळजवळ पुरा झाला होता. त्यांनी छिन्नी खाली ठेवली आणि शांतपणे सांगितलं, "कापावं लागेल, आतले खांब बाहेरून मागवावे लागतील. ते कधी येतील ते माझ्या हातात नाही." मी हो म्हटलं. पुढचे दोन महिने माझ्या त्या एका वाक्याचे.

त्या दिवशी आम्ही नीट बोललो. कोणतं काम त्यांच्या हातातलं, कोणता भाग बाहेरून यायचा, बदल केला तर किती लांबेल, हे त्यांनी कागदावर लिहून दिलं. आणि एक कबूल केलं: दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निरोप, काम हललं नसेल तरीही. मला सर्वात मोठा आधार त्या निरोपांचा झाला. "या महिन्यात काही झालेलं नाही, खांब आले नाहीत," एवढंच असायचं, पण तेवढं कळलं की मी निर्धास्त व्हायचे. शेवटचे तीन महिने मी एकदाही आपणहून फोन केला नाही.

अकराव्या महिन्यात बोलावणं आलं. रायफल रिकामी असल्याची खात्री करून त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि डोळे मिटून खांद्याला लावायला सांगितलं. गाल आपसूक लाकडावर टेकला. डोळे उघडले तेव्हा समोरची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, मागच्या खाचेच्या बरोबर मध्ये होती.