नाव न सांगणारी मॉनिटर

परळच्या एका मराठी शाळेत मी समुपदेशक म्हणून काम करते. गेल्या पावसाळ्यात सहावीतील एका मुलीची कंपासपेटी नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी तिच्या बाकावर पेटी आढळली, परंतु ती वर्गाच्या मॉनिटरची होती. चोरी कोणी केली हे मॉनिटरला ठाऊक असावे अशी बाईंना खात्री होती. ती मात्र ‘मला माहीत नाही’ एवढेच म्हणत राहिली आणि ‘खोटे बोलते’ असा शेरा घेऊन माझ्याकडे आली.

माझ्यासमोर ती बऱ्याच वेळाने बोलली. “आम्ही एकाच चाळीत राहतो. तिची आई कामाला गेली की ती आमच्याकडेच जेवते. तिचं नाव मी बाईंना कसं सांगू?” ओळख नसलेल्या मुलीने पेटी घेतली असती तर, असे विचारताच तिने “सांगितलं असतं” असे उत्तर दिले. मग मैत्रिणीला मोकळे सोडलेस का, या प्रश्नावर खरी हकिगत कळली. मैत्रिणीने घाबरून ती पेटी गटारात टाकली होती, म्हणून हिने स्वतःची पेटी बाकावर ठेवली आणि संध्याकाळी मैत्रिणीच्या आजीला सगळे सांगितले. आजीने नातीला फैलावर घेतले आणि तिच्या खाऊच्या पैशांतून मॉनिटरला नवी पेटी घेऊन द्यायचे ठरवले.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहलबर्ग यांनी 1958 मध्ये शिकागो परिसरातील मुलग्यांच्या उत्तरांवरून नैतिक विचाराच्या ज्या पायऱ्या मांडल्या, त्यांत आपल्या माणसांच्या नजरेत चांगले ठरण्याची धडपड तिसऱ्या पायरीवर येते आणि न्यायाची सार्वत्रिक तत्त्वे सर्वांत वर असतात. त्या मोजपट्टीने ही मुलगी मधल्या पायरीवरच अडकलेली ठरेल. परंतु जोन मिलर आणि डेव्हिड बेर्सॉफ या मानसशास्त्रज्ञांनी मैसूर व अमेरिकेतील न्यू हेवन येथील मुलांना व मोठ्यांना असेच पेच घातले होते : जिवलग मित्राच्या लग्नाला अंगठी पोहोचवायची आहे, तर दुसऱ्याचे रेल्वेचे तिकीट चोरावे का? 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नात्याची जबाबदारी निवडणारे मैसूरमध्ये कितीतरी अधिक होते, आणि त्यांच्या दृष्टीने ते मर्जीवर सोडायचे काम नसून नैतिक कर्तव्य होते. आमच्या मुलीनेही न्याय टाळला नव्हता. नुकसान भरून दिले होते आणि दोषी मुलीला जाब विचारू शकेल अशा माणसापर्यंत गोष्ट नेली होती. मला हे अतिशय प्रगल्भ वाटते.

तरीही याच निष्ठेच्या आड मारहाण आणि लैंगिक अत्याचारही दडवले जातात, हे या कामात विसरता येत नाही. म्हणून मी तिला विचारले, की कोणी एखाद्या मुलीला इजा करत असेल आणि तो माणूस चाळीतलाच असेल तर? ती गप्प झाली. पुढचा सगळा वेळ आम्ही त्याच प्रश्नावर घालवला : कोणते गुपित ठेवता येते, कोणते मुळीच नाही, आणि घरचे ऐकत नसतील तर 1098 या बालमदत क्रमांकावर फोन कसा करायचा. अहवालात मी ‘खोटे बोलते’ हा शेरा कायम ठेवला नाही. तिने काय काय केले ते क्रमाने लिहिले आणि तिचे मॉनिटरपद काढू नये अशी शिफारस केली.