एकोणऐंशी आणि ऑकांदिंलॉगॉरिं

इबादान, नायजेरिया, गुरुवार, रात्री साडेनऊ

संध्याकाळी अग्बोवोहून केकेने परतले. युनिव्हर्सिटीच्या फाटकासमोरचा तो सगळा भाग विद्यार्थ्यांच्या खोल्यांचा. केके म्हणजे आपली बजाजचीच तीनचाकी, पण शब्द त्यांचा स्वतःचा. सायकललाही केकेच म्हणतात. शेजारी बसलेला मुलगा फोनवर सांगत होता, "मो ती सबमिट असाइन्मेंट मी." माझी असाइन्मेंट मी सबमिट केली. इथल्या योरुबा भाषेत 'मी' म्हणजे माझं, हे कानाला सवयीचं व्हायला मला दोन महिने लागले.

घरी येईपर्यंत तेच वाक्य डोक्यात होतं. आपण 'सबमिट केली' म्हणतो. इंग्रजी क्रियापद मराठीत आलं की त्याला 'करणे'चा हात धरावा लागतो. योरुबात त्याची गरज नाही. तिथे क्रियापदाचं रूप बदलतच नाही. आधी 'ती' आलं की काम झालेलं, 'माआ' आलं की व्हायचं. त्यामुळे सबमिट, डाउनलोड, मिस हे शब्द थेट क्रियापदाच्या जागी जाऊन बसतात आणि वाक्य योरुबाच राहतं. मला शिकवणारी तिसऱ्या वर्षाची मुलगी मला फोन करायला सांगते तेव्हा "ए कॉल मी" म्हणते. तो 'ए' म्हणजे आपलं तुम्ही. मैत्रिणीशी बोलताना तो गळतो. इंग्रजीतल्या 'कॉल'ला आदर-अनादर काही नाही, इथे मात्र वडीलधाऱ्यांसमोर त्यालाही वाकावं लागतं. हे ऐकलं की मला खरंच आनंद होतो.

जुने शब्द तर पूर्ण घरचे झालेत. ब्रेडचा बुरेडी, बॉलचा बॉलू, ग्लासचा गिलासी. योरुबाला जोडाक्षर चालत नाही आणि शब्दाच्या शेवटी व्यंजनही चालत नाही, म्हणून मध्ये स्वर घालायचा, शेवटी स्वर लावायचा. इंग्रजीत आघात असेल तिथे सूर उंच, पुढे खाली. आपल्याकडे स्टेशनचं ठेसन झालं तेही जोडाक्षर मोडूनच. त्याही आधी उत्तरेकडच्या हौसासारख्या भाषांमधून अरबी शब्द आले. तासाला इथे 'वाकाती' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आजीचा 'वखत' आठवला. दोन्ही एकाच अरबी शब्दातून आलेले. कॉलेजातली मुलं मात्र सबमिटचं सुबुमिटी करत नाहीत, शाळेत शिकले तसाच उच्चार ठेवतात. मोठी माणसं अशा बोलण्याला 'आमुलुमाला' म्हणतात, म्हणजे भेसळ, सरमिसळ. मला ती तक्रार पूर्णपणे पटत नाही. सांगाडा शाबूत आहे.

पण आज एका ठिकाणी मला वाईट वाटलं.

शिकवणीला आकडे काढले होते. योरुबात मोजणी विसांची आणि वजाबाकीची. चाळीस म्हणजे दोन विसा, साठ म्हणजे तीन विसा, पन्नास म्हणजे साठाला दहा कमी आणि पंचेचाळीस म्हणजे त्या पन्नासाला पाच कमी. एकोणीसला म्हणतात 'ऑकांदिंलोगुं', विसाला एक कमी. मी उडालेच. एकोणीस म्हणजे तरी दुसरं काय? वहीत दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले, तर मला शिकवणारी ती मुलगी टक लावून बघत राहिली. मग मी तिला विचारलं, तुझी आजी किती वर्षांची? ती पटकन म्हणाली, "सेव्हन्टी नाइन." योरुबात सांग म्हटलं, तर बोटांवर काहीतरी जुळवत बसली आणि गप्प झाली. बाजारात भाव इंग्रजीत, वर्गात मार्क इंग्रजीत, फोन नंबर इंग्रजीत. तिचा दोष नाही. सबमिट आला तेव्हा वाक्य मोडलं नाही, पण 'सेव्हन्टी नाइन' आला की वजाबाकी करणारं ते अख्खं डोकंच मागे राहतं. पुण्यात माझ्या भाचीला एकोणऐंशी म्हटलं की ती "म्हणजे किती?" विचारते, आणि तेव्हाही असंच पोटात तुटतं.

असं व्हायलाच हवं होतं असंही नाही. इथून जवळच, इफे शहरात, 1970 मध्ये शिक्षणतज्ज्ञ बाब्स फाफुन्वांनी पहिली ते सहावी सगळे विषय योरुबातून शिकवून पाहिले, गणितसुद्धा. इंग्रजी वेगळा विषय म्हणून. ती मुलं कुठेही मागे पडली नाहीत, इंग्रजीतही नाही.

तेवढ्यात लाईट गेली. अंधारातच त्या मुलीने ओग्बोमोशोला आजीला फोन लावला. "ए काले, मा." हा 'मा'सुद्धा इंग्रजी मॅडमचाच. मग तिने स्पीकर चालू केला आणि विचारलं. आजीला क्षणभरही लागला नाही. "ऑकांदिंलॉगॉरिं." चार विसांना एक कमी. मुलीने पुन्हा म्हणायला लावलं, आजीने सूर लांबवून सांगितलं, मग मुलीने म्हटलं. सूर चुकला. आजीने सुधारला. तिसऱ्यांदा जमलं. मी मोबाइलच्या उजेडात त्याच्याखाली 'एकोणऐंशी' लिहिलं.

लाईट आली आणि गल्लीभर पोरं ओरडली, "अप नेपा!" नेपा हे वीजमंडळाचं नाव 2005 मध्येच बदललं. ही पोरं त्यानंतरची आहेत.