पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन

हस्ताचा पाऊस ओसरला आणि पोरांची सहामाही संपली की निवारागृहांतल्या बायका-पोरांना गाणं शिकवणाऱ्या आमच्या कोल्हापूरच्या मंडळाच्या संमेलनाचा रविवार ठरायचा. दिवाळीच्या सुट्टीच्या अलीकडचा. त्यामागं हिशेब होता. भर पावसाळ्यात ढोलकीची पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, ओल धरते, सारखी उतरते आणि दर दहा मिनिटांनी चढवावी लागते. आणि दिवाळी झाली की निवारागृहातल्या बायका कुठं असतील ते सांगता येत नाही. कोणी माहेरी जाते, कोणाची कोर्टाची तारीख निघते, कोणाला भाड्याची खोली मिळते. डिसेंबरचा मुहूर्त धरला तर शिकवलेला गट एकीकडं आणि संमेलनाला आलेला गट भलताच, असं व्हायचं.

निवाऱ्यातल्या गाण्याच्या वर्गाची खरी अडचण ही ये-जाच. शाळेत जूनमध्ये आलेलं पोर मार्चपर्यंत असतं, त्यामुळं अलंकारांपासून, म्हणजे सुरांच्या पाठांपासून, पायरी-पायरीनं चढता येतं. इथं आज पंधरा जणी, तर पुढच्या आठवड्यात त्यांतल्या नऊ आणि नव्या चार. कोल्हापूरला कलापूर म्हणवून घ्यायची सवय. १८८३ सालचा गायन समाज देवल क्लब, शाहू महाराजांच्या आश्रयाला आलेले गवई अल्लादियाखाँसाहेब, हे सगळं डोक्यात असल्यानं नवीन शिक्षक हौसेनं भूप रागाची बंदिश घेऊन यायचे. बंदिश वाईट नव्हती. पण ती अंगात उतरायला महिने लागतात, आणि पुढं आलाप एकटीनं घ्यावा लागतो. ज्या बाईला चारचौघांत मान वर करायला दोन महिने लागलेत तिला एकटीला गायला लावलं, की पुढच्या वर्गाला ती स्वयंपाकघरात काम काढून बसते.

यावरचा तोडगा हादग्यात सापडला. (पुण्याकडचे भोंडला म्हणतात, म्हणोत.) हादग्याची रीत अशी की पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, असं करत सोळाव्या दिवशी सोळा. रोज सुरुवात पहिल्यापासूनच. म्हणजे सहाव्या दिवशी आलेलीलाही पहिलं गाणं मिळतं, आणि जुनी मुलगी शेजारी फेर धरून तिला ते चढवते. मंडळाचा सगळा अभ्यासक्रम याच चालीवर बसला. वर्ग चाळीस मिनिटांचा. पहिली पाच मिनिटं ओठ मिटून नुसतं गुणगुणायचं, मग मागची गाणी ओळीनं, आणि शेवटची पंधरा मिनिटं नव्या गाण्याला. गाणी आठच, सोळा नाहीत. एका गाण्याला दोन-अडीच मिनिटं धरली तर आठ गाण्यांतच वीस मिनिटं जातात. त्यापुढं गेलं की अंगावरची पोरं कंटाळून रडायला लागतात आणि वर्ग तिथंच मोडतो.

कागद वाटायचे नाहीत. काही जणींना वाचता येत नाही, आणि येतं त्यांची मान कागदात जाते, छाती आखडते, आवाज अडतो. शिकवणाऱ्यानं ओळ दोनदा म्हणायची, सगळ्यांनी दोनदा घ्यायची. ध्रुवपद आधी पक्कं करायचं. कडवी कच्ची राहिली तरी चालतात.

पट्टीचा, म्हणजे षड्ज (सा) पेटीवर कुठं धरायचा याचा, घोळ दरवर्षी ठरलेला. पेटीवाल्याचा हात सवयीनं काळी चारवर (चौथ्या काळ्या पट्टीवर) जातो, कारण शिकलेल्या बायका तिथं गातात. पण तिथं षड्ज धरला आणि गाण्याची चाल सा ते प एवढ्यातच फिरणारी असली की पाच-सहा वर्षांची पोरं खाली जाऊन नुसती पुटपुटतात. हादग्याची, झिम्म्याची बरीच गाणी अशीच चार-पाच सुरांत खेळतात. त्यांना पांढरी एक किंवा दोन बरी. आई आणि लेकरू दोघांना पोचते. गाणं पुरं सप्तक फिरणारं असेल तरच काळी चार. बारा-तेरा वर्षांची, आवाज फुटू लागलेली पोरं असली तर त्यांना कोणत्याच पट्टीत ओढायचं नाही, खंजिरी द्यायची.

“आमास्नी कुठलं गाणं येतंय ओ बाई?” हे वाक्य प्रत्येक निवाऱ्यात पहिल्या दिवशी ऐकू यायचं. त्याच बाईचा हात झिम्म्याला मात्र मात्रेवर पडायचा. म्हणून ताल शिकवताना केरवा, आठ मात्रा असं सांगायच्या आधी टाळी. मांडीवर तान्हं असेल तर त्याच्या पाठीवर थोपटायचं. तीन-चार वर्षांची पोरं आईसमोरच, तिच्या हाताला हात लावून. सुरुवातीला मुलांचा वर्ग निराळा, आयांचा निराळा अशी विभागणी केली होती. ती फसली. दार लागलं की पोरं रडत, आणि आयांचं सगळं लक्ष भिंतीपलीकडं.

ओवीला ढोलकी नको. जात्याची लय दळणाऱ्या हाताची, तिला मात्रांच्या चौकटीत बसवलं की शब्द तुटतात. पेटीनं षड्ज-पंचम धरून ठेवायचे, बस्स. एक पथ्य कडक होतं: ओवीत बाई मनचं काही जोडते ते वर्गातच राहायचं. संमेलनात म्हणायचं तर पारंपरिक.

पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची ४३ फुटांची पातळी ओलांडली की शाळा आणि मंगल कार्यालयं हेच निवारे होतात. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी ते सगळ्यांनी पाहिलं. तिथं मुक्काम काही दिवसांचा, म्हणून गाणी तीनच, रात्रीच्या जेवणाआधी अर्धा तास. पेटी न्यायची नाही. ओलीनं पट्ट्या अडकतात. टाळी पुरते.

संमेलनाची वेळ दुपारी दोन ते साडेचार, कारण दिवेलागणीच्या आत सगळ्यांना परत पोचायचं असतं. मोठं नाट्यगृह कधीच घेतलं नाही. शाळेचा हॉल, खाली जाजम, स्टेज रिकामं. दिवे मालवायचे नाहीत; अचानक अंधार झाला की काही मुलं किंचाळतात. हलगी ही कोल्हापूरची शान, पण पत्र्याच्या छपराखाली ती कानठळ्या बसवते आणि मोठ्या आवाजाला दचकणाऱ्या बायका कोपऱ्यात सरकतात. म्हणून हलगी पटांगणात, सगळ्यात शेवटी, आणि आधी सांगून. टाळ दोनच जोड, खंजिऱ्या चार. माइक दोन, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, तीन-साडेतीन फूट लांब. एकच माइक मध्ये ठेवला तर एका खणखणीत आवाजाच्या बाईचं संमेलन होतं. पेटीला माइक मुळीच नाही.

ढोलकीवाला रंगात आला की लय पळवतो, पोरं धावतात आणि शब्द गिळले जातात. त्याला बजावून फरक पडत नसे. मग एका वयस्क मावशींना टाळी धरायला बसवायचं आणि ढोलकीनं त्यांच्या हाताकडं बघून वाजवायचं. मावशींना घाई नसते.

मोबाइल दाराशी टोपलीत. बाल न्याय कायद्याच्या (२०१५) कलम ७४ नं अशा मुलांची ओळख उघड करायला बंदी आहे, तेव्हा फोटो काढायचेच तर ढोलकीवरच्या हातांचे. नावं पुकारायची नाहीत, बक्षिसं नाहीत. पाहुण्यांना पाच मिनिटं, आणि “या बिचाऱ्या भगिनी” म्हणायचं नाही हे त्यांना गाडीतून उतरतानाच सांगायचं.

सुरुवातीच्या संमेलनांत गाणी एक ते आठ अशीच होत. पहिल्याला शंभर जणांचा फेर, आणि आठव्याला उरलेल्या बारा-पंधरा जणी. बाकीच्या भिंतीला टेकलेल्या. पुढं क्रम उलटा केला. आठव्यापासून सुरू करायचं. आधी जुन्या जाणत्या उतरतात, मग ज्याला जे गाणं येतं तिथं तो फेरात शिरतो, आणि पहिल्या गाण्याला कालच निवाऱ्यात आलेलीही आत असते. तेव्हा हॉल पुरत नसे. फेर दारातून पटांगणात निघायचा.

मग खिरापत. ऐंशी माणसांना दोन किलो भडंगाचे चुरमुरे, अर्धा किलो शेंगदाणे, अर्धा लिटर तेल, पाव किलो लसूण. लसूण कुरकुरीत तळायचा. कच्चा राहिला तर त्याच्या ओलीनं चुरमुरे तासाभरात मऊ पडतात. लहानांचं निराळं, हळद आणि थोडी साखर घालून. गाणी संपल्याशिवाय डबा उघडायचा नाही, तिखटानं घसा धरतो. खिरापत ओळखायची रीत मात्र पाळायची. लसणाचा वास दुपारपासून हॉलभर असे, पत्र्यालासुद्धा कळलेलं की डब्यात भडंग आहे, आणि तरी पोरांची पहिली उत्तरं बासुंदी, श्रीखंड आणि आंब्याची पोळी.