अठ्ठावीसातले पाच, बेसबॉलची टीम कुणाच्या जिवावर उभी करायची

2025 च्या जानेवारीत माझ्या हातात एक आयती टीम आली. न्यू जर्सीत आमची दहा जणांची फँटसी बेसबॉलची लीग आहे, त्यातला एक जण दुसरीकडे शिफ्ट झाला आणि त्याची जागा मला मिळाली. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, टीम कागदावरची असते पण खेळाडू खरे, मेजर लीगच्या (अमेरिकेतली सगळ्यात वरची बेसबॉल लीग) मॅचमध्ये ते जे करतात तेच आकडे आपल्याला मिळतात. बॅटिंगच्या पाच गोष्टी मोजतात, रन्स, होमरन (बॉल मैदानाबाहेर मारणं), आरबीआय (आपल्या फटक्यावर टीमला मिळालेले रन्स), स्टील (बॅटरने बॉल मारायची वाट न बघता पुढच्या बेसवर, म्हणजे धावण्याच्या पुढच्या टप्प्यावर, पळून जाणं) आणि ॲव्हरेज, आणि पिचिंगच्या, म्हणजे बॉल टाकण्याच्या, पाच. आमच्या लीगचा नियम असा की दरवर्षी 15 मार्चपर्यंत आपल्या 28 पैकी फक्त 5 खेळाडू ठेवायचे, बाकीचे सगळे परत ड्राफ्टमध्ये, म्हणजे सगळ्यांनी पाळीपाळीने खेळाडू निवडण्यासाठी, सोडायचे. ठेवलेला खेळाडू कितीही वर्षं ठेवता येतो, म्हणून हे पाच जण म्हणजे टीमच्या घराचे खांब.

ती यादी बघून पहिले दोन दिवस मी नुसता खूश होतो. होझे रामिरेझ, रोनाल्ड अकुन्या ज्युनियर, गनर हेंडरसन, एली डे ला क्रूझ, जॅक्सन चुरियो, फ्रेडी फ्रीमन हे बॅटर, आणि पॉल स्कीन्स, स्पेन्सर स्ट्रायडर, कॉर्बिन बर्न्स हे पिचर. ही नऊ नावं आणि जागा पाच! एवढी चांगली टीम आठव्या नंबरवर कशी राहिली हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. नंतर लक्षात आलं की आधीच्या मालकाने प्रत्येक नाव वेगवेगळ्या काळासाठी घेतलं होतं, कुणी आत्ता चालणारा, कुणी दोन वर्षांनी चालणार, कुणी दुखापतीत, त्यामुळे सगळे एकाच वर्षी जोरात असं कधी झालंच नाही.

मी एक वही केली. वयाचा कॉलम, पोझिशनचा, दुखापतीचा आणि स्ट्राइकआउटचा (तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद होणं, बॅटरसाठी वाईट, पिचरसाठी चांगलं). आधी 2024 चे नुसते आकडे लिहिले आणि त्यावरून ठरवायला गेलो तर काहीच ठरेना कारण सगळ्यांचेच आकडे भारी. फ्रीमन तर त्याच ऑक्टोबरमध्ये दुखऱ्या घोट्यावर खेळून वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे फायनलचा, एमव्हीपी (सगळ्यात मोलाचा खेळाडू) झालेला, पहिल्याच मॅचमध्ये शेवटच्या क्षणी ग्रँड स्लॅम (तिन्ही बेसवर माणसं असताना होमरन, एका फटक्यात चार रन्स) मारून त्याने मॅच जिंकून दिली होती, तो शॉट मी कितीतरी वेळा बघितलाय. असा माणूस सोडायचा कसा?

त्या रविवारी अण्णांचा व्हिडिओ कॉल होता. अण्णा म्हणजे माझे वडील, आटपाडीकडे असतात, आयुष्यभर खिलार बैल सांभाळले. त्यांना बेसबॉल माहीत नाही पण मी वही घेऊन बसलेला बघून त्यांनी विचारलं काय हिशेब चाललाय, मग सगळं समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते आणि मग म्हणाले, "दात बघितलंस का?"

मला आधी कळलंच नाही. मग म्हणाले, "आदत कोण, दुसा कोण, जुळल्याला कोण, ती आधी मांड. खरसुंडीच्या यात्रेत बैल नुसता दिसतोय कसा म्हणून घेत न्हाईत बाळा, अजून किती वर्सं औत वढंल ती बघून घेत्यात. आन जोडीला जोड बघून."

आदत म्हणजे अजून दुधाचेच दात असलेला, दुसा म्हणजे दोन दात आलेला, जुळलेला म्हणजे सगळे दात येऊन पुरा वयात आलेला. लहानपणी यात्रेत अण्णा बैलाचा ओठ वर करून अंगठ्याने दात चाचपायचे आणि मी कासरा धरून उभा असायचो, तो बैल मान झटकायचा तेव्हा त्याची लाळ माझ्या शर्टावर उडायची. ते सगळं त्या कॉलवर डोळ्यासमोर आलं.

मी वही परत लिहिली, यावेळी फक्त वयाप्रमाणे. चुरियो 11 मार्चला 21 पूर्ण करणार, स्कीन्स 22, हेंडरसन आणि एली 23, स्ट्रायडर 26, अकुन्या 27, बर्न्स 30, रामिरेझ 32, फ्रीमन 35. बेसबॉलमध्ये बॅटरची खरी ताकद साधारण 26 ते 29 मध्ये दिसते, म्हणजे वरच्या चौघांपैकी तिघं बॅटर बरोबर एकाच सुमारास भरात येणार होते. जोडीला जोड ही अशी. फ्रीमनचं नाव मी त्याच रात्री खोडलं, वाईट वाटलं पण खोडलं.

हेंडरसन सोपा होता. शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली फील्डिंगची अवघड जागा) खेळतो आणि 2024 मध्ये 37 होमरन, अशी जागा आणि अशी ताकद एकत्र फार कमी मिळते. चुरियोला तर त्याच्या ब्रुअर्स टीमने मेजर लीगमध्ये एकही मॅच खेळायच्या आधी 8 वर्षांचा 8.2 कोटी डॉलरचा करार दिला होता आणि पोराने पहिल्याच वर्षी, 20 व्या वर्षी, 21 होमरन आणि 22 स्टील केले.

एलीवर मात्र मी आठवडाभर अडकलो. 67 स्टील, सगळ्या मेजर लीगमध्ये सगळ्यात जास्त. आणि 218 स्ट्राइकआउट, तेही सगळ्यात जास्त. मी रात्री जेवण झाल्यावर त्याचे व्हिडिओ लावून बसायचो, बाहेर जाणाऱ्या स्लायडरवर (शेवटी बाजूला वळणारा बॉल) बॅट फिरते आणि बॉल फूटभर लांबून निघून जातो, पुन्हा तेच, पुन्हा तेच. पण मग तो बेसवर आला की खेळच बदलतो, पिचरचं लक्ष त्याच्यावरच, पहिल्या बेसवरून दुसऱ्यावर सरळ, मग तिसऱ्यावर. त्याने वर्षात 160 मॅच खेळल्या होत्या. शेवटी मी असा विचार केला की बॉल ओळखणं वयाबरोबर सुधारू शकतं, पायातला वेग कुणी शिकवू शकत नाही. ठेवला.

पिचरवर टीम उभी करू नये असं माझं पक्कं मत आहे आणि त्याचं कारण कोपर. कोपराच्या आतल्या बाजूला एक लिगामेंट असतं, जोरात फेकताना सगळा ताण त्यावर येतो आणि ते फाटलं की वर्ष दीड वर्ष माणूस बाहेर. 1974 मध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरवर पहिल्यांदा ती सर्जरी केली, त्यावरूनच तिला टॉमी जॉन सर्जरी म्हणतात. स्ट्रायडर डोळ्यासमोर होताच, 2023 मध्ये 281 स्ट्राइकआउट काढले आणि 2024 मध्ये दोन मॅच टाकून कोपराची सर्जरी. म्हणून स्ट्रायडर आणि बर्न्स दोघेही सोडले. पण स्कीन्स सोडवेना. पहिल्याच वर्षी 23 मॅचमध्ये 1.96 ईआरए (नऊ इनिंगमागे सरासरी दिलेले रन्स, जितके कमी तितकं चांगलं), 170 स्ट्राइकआउट. मी स्वतःलाच विचारलं की त्याचं कोपर गेलं तर मला पश्चात्ताप होईल का, आणि उत्तर आलं की त्याला दुसऱ्याच्या टीममध्ये बघायचं दुःख जास्त मोठं असेल. नियम मोडला, तो विचार करून मोडला.

पाचवी जागा राहिली, रामिरेझ की अकुन्या. 2023 मध्ये अकुन्याने 41 होमरन आणि 73 स्टील केले होते, असं आधी कुणीच केलं नव्हतं. पण 2021 मध्ये उजव्या गुडघ्याचं एसीएल (गुडघ्याच्या आतलं मुख्य लिगामेंट) फाटलं, मे 2024 मध्ये डाव्या गुडघ्याचं. दोन्ही गुडघे. दुसरीकडे रामिरेझ, 2024 मध्ये 39 होमरन, 41 स्टील, 40-40 ला (एकाच वर्षी 40 होमरन आणि 40 स्टील) एक होमरन कमी आणि सीझनची शेवटची मॅच पावसाने रद्द झाली. 32 वर्षांचा, म्हणजे माझ्या वयाच्या हिशेबात बसतच नव्हता.

14 मार्चला परत अण्णांना फोन लावला. म्हटलं चार कोवळे आहेत आणि पाचवा ठरत नाही. ते म्हणाले, "नवा खोंड शिकवायचा तर जुन्याच्या जोडीला जुपत्यात. जुना वढतोय तवर नवा शिकतोय." त्यांना कुणाचं नाव माहीत नव्हतं, पण उत्तर मला मिळालं. तरणी पोरं भरात येईपर्यंत टीम ओढायला कुणीतरी हवाच होता. रामिरेझ ठेवला, अकुन्या सोडला.

23 मे ला अकुन्या परत आला आणि त्याच्यासमोर आलेल्या पहिल्याच बॉलवर होमरन मारला. मी किचनमध्ये उभा होतो, फोन हातात, आणि खरं सांगतो पोटात खड्डा पडला. बायको म्हणाली अहो काय झालं, तर बोलताच येईना. पण वर्षाच्या शेवटी बघितलं तर अकुन्याचे 21 होमरन आणि फक्त 9 स्टील, गुडघ्यांबद्दलची भीती स्टीलच्या बाबतीत खरी ठरली. रामिरेझने 30 होमरन आणि 44 स्टील दिले. बर्न्सच्या कोपराची जूनमध्ये सर्जरी झाली, त्याच्यासाठी मनापासून वाईट वाटलं.

सगळंच जमलं असं नाही. हेंडरसन बरगडीजवळच्या स्नायूच्या दुखापतीने उशिरा सुरू झाला आणि 17 होमरनवर थांबला. स्कीन्सने 1.97 ईआरए ठेवून साय यंग अवॉर्ड (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा) जिंकला तरी त्याच्या नावावर विजय 10 आणि पराभव 10, कारण त्याच्या पायरेट्स टीमची बॅटिंग त्याला रन्सच देत नव्हती, आणि आमच्या लीगमध्ये विजय मोजतात. एली मांडीच्या दुखापतीतही खेळत राहिला, 22 होमरन 37 स्टील. आठव्यावरून तिसऱ्या नंबरवर आलो.

आता ड्राफ्टमध्ये घेतलेल्या ज्युनियर कामिनेरोने घोळ करून ठेवलाय, 45 होमरन, वय 22. 2024 च्या चक्रीवादळात ट्रॉपिकाना या घरच्या मैदानाचं छप्पर उडालं म्हणून त्याची रेज टीम 2025 मध्ये टॅम्पातल्या छोट्या मैदानावर खेळली, 2026 ला परत ट्रॉपिकानात, तिथे तेवढे होमरन होतील का ते मी मॅच मॅच करून तपासतोय. तो आला तर पाचातला एक जाणार. वयाने बघितलं तर रामिरेझ, गेल्या वर्षीच्या होमरनने बघितलं तर हेंडरसन. वही उघडीच आहे, रविवारी अण्णांचा कॉल आहे.