चौदा पोती द्रोणपुष्पी

मी आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यात कच्चा माल तपासते. मागच्या डिसेंबरात पेठकडून १४ पोती आली, पावतीवर द्रोणपुष्पी, म्हणजे आपला कुंभा, फूल द्रोणासारखं दिसतं म्हणून हे नाव. पहिली काही पोती ठीक निघाली, मग एक उघडलं आणि असा भपकन वास आला की हेल्पर म्हणाला मॅडम, माल एकदम ताजा! मला तिथेच शंका आली, कुंभा वाळल्यावर एवढा घमघमत नाही, हा वास रानतुळशीचा, ती रस्त्याकडेला माजलेली, मूळची अमेरिकेतली.

पंचाईत अशी की दोन्ही तुळशीच्याच कुळातल्या, खोड दोघींचं चौकोनी, वाळून चुरा झालेली पानं बघून काही कळत नाही. मग भिंग घेऊन बसले. कुंभ्याचा फुलांचा गोंडा शेंड्याला गोल, गच्च, लिंबाएवढा. यातल्या बऱ्याच काड्यांवर मात्र पानांच्या बेचक्यात छोटे छोटे झुबके आणि प्रत्येक पुष्पकोशाला सुईसारखे पाच ताठ दात. तरी खात्री म्हणून त्यातल्या बिया वाटीत पाण्यात टाकल्या, थोड्या वेळात सब्जासारख्या फुगून बुळबुळीत झाल्या. झालं, रानतुळसच. ६ पोत्यांत भेसळ.

वरून निरोप आला, सगळा लॉट परत करा. मला ते पटेना, ८ पोती चोख होती. मी माल गोळा करणाऱ्या बाबांना फोन लावला, ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आले. काडी हातात घेतली आणि लगेच म्हणाले, "ताई, ही नातवंडांनी कापलीय. मी कसा चुकेन, पावसात आम्ही कुंभ्याची भाजी खातो." मग मला गोडाऊनच्या कुंपणापाशी नेलं, तिथे दोन्ही झाडं शेजारी शेजारी. कुंभ्याला एक उशिराचं फूल होतं, पांढरं, वरची पाकळी लोकरीसारखी केसाळ. त्यांनी ते अलगद उपटून मला दिलं, "मागून चोखा." थेंबभरच, पण गोड. इतकी वर्षं मी हे फक्त वाळलेलंच बघितलं होतं.

साहेबांना कसंबसं मनवलं आणि आम्ही दोघं पाचपर्यंत काडी काडी निवडत बसलो. ६ पोत्यांतून ४ चांगली निघाली, बिल १२ पोत्यांचं झालं. उरलेली २ पोती रानतुळस बाबांनी टाकू दिली नाहीत, धूर केला की डास जातात म्हणून पाठीवर घेऊन गेले.